आळत्याला दहा दिवस मौनात : पहिल्यांदा विपश्यनेला निघालेल्यांसाठी

मी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात आहे. त्या वर्षी गळीत हंगाम संपला, मार्चअखेर उरकली, ऑडिटही झालं, तरी झोप काही परत आली नाही. रात्री दोनला डोळे टक्क उघडायचे आणि ऊसबिलांचे आकडे डोक्यात फिरत राहायचे. डॉक्टर म्हणाले, "आठ-दहा दिवस कुठंतरी शांत जागी जाऊन या." बहिणीनं आंबोली सुचवली, शेजारच्या ताईंनी कोकण. मी जूनच्या शेवटी आळत्याला विपश्यनेला, म्हणजे मौनात राहून करायच्या ध्यानाच्या शिबिराला गेले आणि पुढं दोन वर्षांनी पुन्हा गेले.

तेव्हापासून गल्लीतले, कचेरीतले लोक विचारत असतात. प्रश्न तेच असतात. मलाही ते पडले होते आणि तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

१. कुठं निघालाय ते आधी समजून घ्या

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात आळते गावाजवळ, रामलिंगच्या रस्त्याला 'धम्मालय' हे विपश्यना केंद्र आहे. तिथं दहा दिवसांची निवासी शिबिरं होतात. शिकवण बुद्धाची आहे, पण तिथं देऊळ नाही. मूर्तीपुढं बसायचं नाही, आरती नाही, अगरबत्तीसुद्धा लावायची नाही.

माझ्या सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "तिथं धर्म बदलायला लावतात का गं?" तुमच्याही घरी हा प्रश्न निघेल, तेव्हा उत्तर तयार ठेवा. ही साधना भारतात परत आणणारे सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातल्या एका सनातनी मारवाडी व्यापारी कुटुंबात जन्मले. अर्धशिशीनं हैराण होऊन ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं शिकायला गेले आणि १९६९ साली भारतात येऊन त्यांनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. इगतपुरीचं केंद्र त्यानंतरचं. आपापला धर्म पाळणारी सगळ्या तऱ्हेची माणसं शिबिराला येतात. माझ्या शेजारच्या आसनावर एक जैन आजी होत्या, मागं नर्सिंगचं शिकणारी एक मुलगी. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, हे मला आत गेल्यावर कळलं. आकड्यांत आयुष्य काढलेला माणूस हे शिकवत होता म्हटल्यावर मला फार धीर आला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. 'विश्रांती' या शब्दावर भुलून जाऊ नका. पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा साधना, मग नाश्ता. आठ ते अकरा साधना, अकराला जेवण. एक ते पाच पुन्हा साधना, पाचला चहा. सहा ते सात सामूहिक बैठक, सातला प्रवचन, मग थोडी साधना आणि साडेनऊला दिवे बंद. बसण्याचे तास मोजले तर दहाच्या वर जातात. मला तिथं विसावा मिळाला, आणि असा मिळाला की अजून पुरतोय, पण तो पाय पसरून पडण्याचा विसावा नाही. नुसती झोप भरून काढायची असेल तर खरंच आंबोलीला जा.

२. अर्ज करण्याआधी एक सकाळ पोहाळ्याला बसून बघा

हे कुठल्याच नियमात नाही, मी माझ्या मनानं सांगते. जोतिबाच्या डोंगराच्या बाजूला पोहाळे गावाजवळ बौद्ध लेणी आहेत. खडकात कोरलेला विहार, मधे दालन आणि कडेनं भिक्खूंच्या लहान लहान खोल्या. पावसाळ्याचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, भिक्खूंनी भटकंती थांबवून एका जागी राहायचं असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. आपल्याकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

रविवार आणि चैत्रातली यात्रा टाळून जा, कारण जोतिबाच्या वाटेवर त्या दिवशी गर्दी असते. मोबाईल गाडीत ठेवा, भिंतीला पाठ न टेकता तासभर बसा. काही करू नका. दहा मिनिटांत उठावंसं वाटेल, वाटू द्या. तासाभरानं 'अजून थोडं बसावं' असं मनात आलं तर अर्ज करा. नुसता वैताग आला तरीही करा, पण मग पुढची तयारी जास्त मनापासून करा.

३. अर्ज

अर्ज 'धम्म डॉट ऑर्ग' या संकेतस्थळावर भरायचा. महाराष्ट्रातली केंद्रं निवडा, त्यात धम्मालय, त्यात तारखांचं वेळापत्रक. शिबिराची फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं यांचे पैसे घेत नाहीत. सगळा खर्च आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानातून चालतो. म्हणून कुणी मध्यस्थ 'सीट मिळवून देतो' म्हणून पैसे मागू लागला तर त्याच्या नादी लागू नका.

फॉर्म भरताना चुका इथं होतात :

• एक किंवा तीन दिवसांचं शिबिर पाहून लोक त्यालाच अर्ज करतात. ती लहान शिबिरं जुन्या साधकांसाठी असतात. नव्या माणसानं आधी दहा दिवसांचंच करायचं.

• आजार लपवतात. रक्तदाब, मधुमेह, मणक्याचा त्रास, चालू औषधं, पूर्वी कधी मानसोपचार घेतले असतील तर तेही, सगळं लिहा. तीव्र नैराश्य किंवा मानसिक आजार चालू असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. हे शिबिर उपचारांच्या जागी नाही. आणि 'तिथं जाऊन सुटतील' म्हणून चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

• उशिरा अर्ज करतात. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या जागा लवकर भरतात. माझा पहिला अर्ज प्रतीक्षायादीत राहिला, कारण मी पंधरा दिवस आधी जागी झाले होते. दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

• निवड झाल्यावर येणाऱ्या मेलला उत्तर द्यायचं विसरतात. 'मी येणार' असं कळवावं लागतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. स्पॅमचा कप्पाही रोज उघडा.

४. घराच्या आणि कचेरीच्या गाठी आधी सोडवा

सगळ्या लेखात माझ्या दृष्टीनं हाच भाग मोठा. आत फोन नाही, वर्तमानपत्र नाही, वही-पेनसुद्धा नाही. मनाला चघळायला बाहेरून काही मिळालं नाही की ते घरातलं अर्धवट राहिलेलं काम उकरून काढतं. पहिल्या वेळी मी गॅसचा नंबर लावायचा विसरले होते. साधी गोष्ट, घरच्यांनी दुसऱ्या दिवशी लावलाही. पण मी तिसऱ्या दिवसापर्यंत डोळे मिटले की मला रिकामं सिलिंडरच दिसायचं.

दुसऱ्या वेळी मी आठ दिवस आधी यादी केली. वीजबिल, मुलाच्या क्लासची फी, दूधवाल्याचा हिशेब, सासूबाईंच्या गोळ्या बारा दिवसांच्या पुड्या करून. कचेरीत कुणाकडं कुठली फाईल, ते लेखी. साधना पहिल्या दिवसापासून वेगळी झाली.

रजा बारा दिवसांची लागते हे लक्षात घ्या. आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचं असतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी परिवर्तित रजेची सोय आहे, आस्थापना शाखेत आधीच विचारून अर्ज द्या.

आणि घरच्यांना स्पष्ट सांगा की दहा दिवस आवाज ऐकू येणार नाही. अगदीच तातडीचं असेल तर केंद्राच्या कार्यालयात फोन करता येतो. तो नंबर फ्रिजवर चिकटवून जा. मी पहिल्या वेळी 'फोन लागणार नाही बहुतेक' असं मोघम बोलले होते. चौथ्या दिवशी माझा फोन बंद म्हणून आईनं माहेरी जेवण टाकलं होतं. हे मला परत आल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं.

५. पोटाची आणि पाठीची तयारी

आपण कोल्हापूरची माणसं. सकाळी कटाची मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा, मधे चार चहा. आतलं जेवण शाकाहारी, साधं आणि कमी तिखट असतं. रात्रीचं जेवण नाही. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा-दूध, थोडे चुरमुरे, फळ मिळतं, बस्स. भुकेची भीती सगळ्यांना वाटते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट स्वतःच जुळवून घेतं. मधुमेह असेल तर मात्र फॉर्ममध्ये आणि पुन्हा पोहोचल्यावर सांगा.

निघण्याआधी पंधरा दिवस एवढं करा : चहा दोनवर आणा, नाहीतर पहिले दोन दिवस डोकं ठणकण्यात जातील. रात्रीचं जेवण सातच्या आत, हलकं. तंबाखू, मशेरी, सिगारेट यांना आत पूर्ण बंदी आहे, त्यामुळं सवय असेल तर आधीपासून कमी करत या. आणि रोज वीस मिनिटं मांडी घालून जमिनीवर बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागता येते, त्यात कमीपणा नाही. आमच्या वेळी मागच्या रांगेत सात-आठजणी खुर्चीवर होत्या.

६. बॅग

कागदपत्रं : आधारकार्ड (मूळ आणि एक झेरॉक्स), निवड झाल्याच्या मेलची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बारा दिवस पुरतील एवढ्या गोळ्या.

कपडे : सैल, अंग झाकणारे, साधे. सात जोड पुरतात, धुणं हातानं धुता येतं. पावसाळ्यात मात्र कपडे वाळत नाहीत, तेव्हा लवकर वाळतील असे घ्या, जाड सुती नकोत. बायकांनी ओढणी घ्यावी. पहाटे अंगावर घ्यायला शाल हवीच.

बाकी : चादर आणि उशीचा अभ्रा (केंद्राकडून काय मिळतं ते मेलमध्ये लिहिलेलं असतं, तसं कमी-जास्त करा), टॉर्च, छत्री, गजराचं घड्याळ, पाण्याची बाटली, बिनवासाचा साबण, घसरणार नाहीत अशा चपला, डासांचं मलम.

नको असलेलं : दागिने, अत्तर, पुस्तकं, जपमाळ, खाऊचे डबे. गंडा, ताईत, माळ काढून ठेवायला सांगतात, तेवढ्या दिवसांपुरती. मोबाईल आणि पैसे जमा करून घेतात. सरसरणारं प्लॅस्टिकचं जर्किनही नको. शांत दालनात बाजूचीनं हात हलवला तरी तो आवाज केवढा मोठा होतो, ते आत बसल्याशिवाय कळत नाही.

७. पोहोचणं

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून सांगलीकडं जाणारी एसटी धरा, शिरोली, हेर्लेमार्गे हातकणंगल्याला उतरा. रेल्वेनं मिरजेच्या बाजूनं येणाऱ्यांनाही हातकणंगले स्टेशन आहे. तिथून आळते जवळ, रिक्षानं जाता येतं. माणगाव याच तालुक्यात आहे, जिथं मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर एका मंचावर आले. वेळ असेल तर जाता-येता तिथं जरूर थांबा, मला परतीच्या वाटेवर तिथं गेल्याचं समाधान आहे.

जुलै-ऑगस्टमधलं शिबिर असेल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत राहा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. पाणी चढायला लागलं तर आदल्या दिवशीच नदीपलीकडच्या पाहुण्यांकडं मुक्कामाला जा.

दुपारी पोहोचा, संध्याकाळवर टाकू नका. नोंदणी, खोली, सामान लावणं यात वेळ जातो. संध्याकाळी नियम समजावून सांगतात आणि मग आर्य मौन सुरू होतं.

८. आत काय होतं

मौन म्हणजे नुसतं बोलणं बंद नाही. खुणा नाहीत, नजरेला नजर देणं नाही, चिठ्ठी नाही. अडचण असेल तर धम्मसेविकेला (शिबिरात सेवा देणाऱ्या जुन्या साधिकेला) सांगता येतं आणि साधनेबद्दलची शंका दुपारच्या वेळी सहायक आचार्यांना विचारता येते. स्त्री-पुरुषांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था वेगळी असते. नवरा-बायको एकत्र गेलात तरी दहा दिवस भेट नाही. पाच शीलं पाळायची : हत्या नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. पहिलं शील मला वाटेवरच्या मुंग्यांनी शिकवलं. पावसानं बाहेर पडलेली त्यांची रांग ओलांडायला रोज सकाळी सगळ्या बायका एकेक करून थांबायच्या, कुणी कुणाला सांगितलेलं नसताना.

पहिले साडेतीन दिवस आनापान. येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा बघायचा, लांब करायचा नाही, मोजायचा नाही, नामस्मरण जोडायचं नाही. ऐकायला एवढंसं वाटतं. पहिल्या दिवशी मला तीन श्वाससुद्धा सलग बघता आले नाहीत. दुसऱ्या श्वासाला आकडे, तिसऱ्याला मुलाचा निकाल. तिसऱ्या दिवशी पहाटे बाहेर टिटवी ओरडत होती, पत्र्यावर पावसाची बारीक टिपटिप होती आणि अचानक लक्षात आलं की हवा फक्त उजव्या नाकपुडीतून चाललीय. आत जाताना गार, बाहेर येताना वरच्या ओठावर किंचित कोमट. छेचाळीस वर्षं हे चालू होतं आणि मला पत्ता नव्हता. मी ओठावरच्या त्या जागेपाशी किती वेळ होते कोण जाणे. घंटा झाली तेव्हा आदल्या रात्रीपासूनचं एकही ऊसबिल डोक्यात आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचं आणि जिथं जी संवेदना असेल, खाज, उष्णता, दुखणं, मुंग्या, ती बघायची. चांगली म्हणून धरायची नाही, वाईट म्हणून ढकलायची नाही. त्यानंतर रोजच्या तीन सामूहिक बैठकांत अधिष्ठान असतं, म्हणजे तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत असा निश्चय. गुडघ्यातली कळ चाळिसाव्या मिनिटाला असह्य होते. ती सरकते, बारीक होते, कधी नाहीशी होते, हे स्वतः बघितल्यावर 'अनित्य' या शब्दाचा अर्थ पुस्तकाशिवाय कळतो. जमलं नाही तर पाय हलवा आणि पुन्हा बसा, कुणी रागावत नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो अशी भावना करायची साधना शिकवतात आणि मौन सुटतं. दहा दिवस जिच्या शेजारी बसले त्या जैन आजींचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचा खोकला थांबला का?" तोवर मला वाटत होतं की आजी माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत.

९. इथं लोक अडखळतात

दुसरा दिवस आणि सहावा दिवस मला सगळ्यांत जड गेले. दुसऱ्या दिवशी पाठ फुटायची वेळ आली आणि सहाव्या दिवशी विनाकारण रडू आलं. त्या दोन्ही दिवशी बॅग भरावीशी वाटली. असं झालं तर खोलीत एकटं कुढत बसू नका, आचार्यांकडं जा. जाण्याआधीच दहा दिवस पूर्ण करण्याचं वचन तुम्ही दिलेलं असतं, त्याचाही आधार होतो.

दुसरा अडथळा तुलनेचा. पुढची बाई पुतळ्यासारखी बसलीय आणि मीच हलतेय, असं वाटतं. शेवटच्या दिवशी त्याच बाईनं मला विचारलं, "तुम्ही एवढ्या शांत कशा बसत होता?"

तिसरा, एखादी बैठक फार सुंदर झाली की पुढच्या बैठकीत तीच हुडकायची. ती मिळत नाही आणि चिडचिड होते. मला यात अख्खा आठवा दिवस गेला.

खोलीत साधना करायची मुभा असते तेव्हा पलंगाला पाठ लावू नका. 'पाच मिनिटं' म्हणून आडवी झाले की थेट पुढच्या घंटेलाच जाग यायची. मी दुसऱ्या शिबिरात तो वेळ दालनातच बसून काढला.

१०. परतताना

दान शेवटी, शिबिर पूर्ण केल्यावर, आपल्या इच्छेनं. किती द्यावं हे कुणी सांगत नाही. पैशांची अडचण असेल तर पुढं कधीतरी धम्मसेवा द्या, स्वयंपाकघरापासून सगळी कामं सेवकच करतात.

मोबाईल हातात आला की लगेच चालू करू नका. घरी 'निघाले' एवढा एक फोन करा आणि पुन्हा बंद ठेवा. हातकणंगल्याच्या स्टँडवर कंडक्टरची शिट्टी आणि कर्ण्यांचा आवाज अंगावर आल्यासारखा वाटतो, तासाभरात सवय होते. त्या दिवशी कचेरीत हजर होऊ नका, एक दिवस मधे ठेवा. संध्याकाळी पाहुणे, मटण असा बेत घरच्यांनी केला असेल तर आधीच नको म्हणून सांगून जा, पोट दहा दिवसांच्या साध्या जेवणाला सरावलेलं असतं.

घरी सकाळ-संध्याकाळ तास-तास बसा असं सांगतात. माझं सकाळचं टिकलं, संध्याकाळचं हंगामात सुटतं. सुटलं तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसते. झोप साडेदहाला येते आणि पाचला उघडते, हे मी कुठल्याही गोळीशिवाय दोन वर्षं लिहून ठेवलंय. जुन्या साधकांच्या सामूहिक साधना आणि एक दिवसाची शिबिरं होतात, त्यांची चौकशी निघतानाच कार्यालयात करून या, घरी आल्यावर राहून जातं.

आणि एक : पुढच्या वेळी अर्ज करताना 'जुने साधक' म्हणून भरायचा. त्यात पहिल्या शिबिराची तारीख, ठिकाण आणि आचार्यांचं नाव विचारतात. ते तिन्ही एका चिठ्ठीवर लिहून आधारकार्डाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.